फळ्यावरची बोडी

गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केलेल्याचं कोण ऐकतं, मित्रांनो? तरी सांगतो. शिकवायचं साहित्य ठेवायचं हे दालन आता रिकामं करणार आहेत म्हणे. मी भंगारात गेलो तर जाऊ दे, माझं वय झालं. पण माझ्या पोटात एका पोरीचा शब्द आहे. तो तिला मिळाल्याशिवाय जायची माझी इच्छा नाही.

मी गुंडाळी फळा. काळा रंग दिलेलं जाड कापड, वर-खाली दोन लाकडी दांडे आणि बांधायला सुतळी, एवढाच माझा संसार. भंडाऱ्याच्या तुलाराम पेंटरनं मला रंगवलं. एरवी तो तुमसरच्या राइस मिलच्या पाट्या रंगवायचा. मला उन्हात वाळत घालताना म्हणाला, "माझ्या पाट्या पावसानं धुतल्या जात नाही, बेटा. तुझ्यावरचं मात्र एका हातानं पुसलं गेलं पाह्यजे. तेच तुझं काम." मला त्याचा भारी अभिमान वाटला होता.

तिथून मी विद्यापीठाच्या या शिक्षणशास्त्र विभागात आलो. इथे शिक्षक घडवतात. शाळा कशी चालवावी ते शिकायला मुख्याध्यापकही इथेच येतात. पहिले काही महिने इथे नुसती गंमत असते. एकानं शिकवायचं आणि बाकीच्यांनी पाचवीची मुलं व्हायचं! मिशीवाले बाप्ये बोट वर करून "मॅडम, मी सांगू?" म्हणतात. विभागाचे प्राध्यापक लांजेवार सर मागे घड्याळ घेऊन बसतात आणि कुणी हसलं की डोळे वटारतात. अहो, मलाही हसू आवरायचं नाही. पण एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. या खोट्या मुलांना सगळीच उत्तरं येत होती.

खरी मुलं भेटायची ती सराव पाठाला. मला काखेत मारून हे होऊ घातलेले शिक्षक जवळच्या गावातल्या शाळेत जायचे. तिथली पोरं तर पक्की मुरलेली. दरवर्षी तेच पाठ, तेच प्रश्न. मॅडमनं "भात कशापासून होतो?" एवढं विचारायचा अवकाश, की "आज आपण धानाचं पीक शिकणार!" असा गलका. मॅडमनं सांगायचं वाक्य पोरांच्याच तोंडी! मॅडमचा चेहरा असा उतरायचा म्हणून सांगू!

त्या वर्षी मी रिताच्या वाट्याला आलो. रिता एकोडीची, धान पिकवणाऱ्या घरातली. बोलणं हळू, अक्षर गोल. घरात शिकलेली ती पहिलीच. मला ओढणीनं पुसायची, खडूचा डाग राहू द्यायची नाही.

गावातल्या त्या शाळेत, पाठ व्हायचे त्याच वर्गात, शेवटच्या रांगेत गुड्डी बसायची. पाचवीत आली तरी तिला वाचता येत नव्हतं. आजवरच्या एकाही पाठात तिला कुणी उठवलं नाही. कसं उठवणार? ती अडली तर पाठ अडतो, आणि पाठ अडला की गुण जातात. मी तिच्या समोरच टांगलेला असायचो. मला सगळं दिसायचं आणि जीभ नव्हती.

रितानं मात्र तिला हेरलं. मधल्या सुटीत मला व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवलं आणि गुड्डीला विचारलं, "तुझ्या घरामागे काय आहे गं?"

"बोडी आहे न, मॅडम."

आमच्याकडे शेताला पाणी पुरवणाऱ्या छोट्या तळ्याला बोडी म्हणतात. रितानं माझ्यावर मोठ्ठं लिहिलं, 'बोडी'. गुड्डीनं माझ्यावर बोट ठेवलं. बो. डी. आणि एकदम ओरडली, "मॅडम, हे तं आमचीच हाय!"

मित्रांनो, माझ्यावर हजारो शब्द लिहिले गेले असतील. पण असं बोट कुणी ठेवलं नव्हतं. रोज सुटीत एकेक शब्द वाढत गेला. रिताचा वार्षिक पाठ 'आपल्या गावातले पाणी' यावर होता. बाहेरचे परीक्षक येऊन ज्यावर पदवीचे गुण ठरवतात, तो हा पाठ. रिता म्हणाली, "त्या दिवशी हा शब्द तूच वाचजो."

"साऱ्याइसमोर?"

"साऱ्याइसमोर."

पाठाच्या दिवशी गुड्डी तेल लावून, लाल रिबिनी बांधून, पहिल्या रांगेत येऊन बसली. आणि तिथेच घात झाला. मुख्याध्यापक कैलाश सर नुकतेच आमच्या विभागातून शाळेच्या नेतृत्वाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. परीक्षक यायच्या आधी वर्ग 'लावायची' रीत त्या शाळेत जुनीच होती. दोन्ही तुकड्यांतली हुशार पोरं आत, बाकीची व्हरांड्यात. सरांनी गुड्डीला दंडाला धरून उठवलं.

"सर, तिले राहू द्या न," रिता म्हणाली. "ती वाचते आता."

"मॅडम, तुमचेच गुण जातीन. पाहुण्यासमोर शाळेचंही नाव आहे. एका तासाचा तं सवाल आहे."

तेवढ्यात परीक्षक बाई दारात आल्या. सरांनी गुड्डीला व्हरांड्यात नेलं आणि रितानं खडू उचलला. मला तिचा राग आला, मित्रांनो, आणि दयाही आली. वर्षभराची मेहनत तिच्या हातातल्या खडूत होती.

पाठ झकास चालला. रितानं माझ्यावर लिहिलं आणि विचारलं, "हा शब्द कोण वाचेल?" सगळे हात वर! तोच बाहेरून, खिडकीच्या गजांतून खणखणीत आवाज आला, "बोडी! मॅडम, बोडी!"

कैलाश सरांनी उठून खिडकी लावून घेतली.

परीक्षक बाईंनी मान डोलावली. पाठ संपल्यावर त्या रिताला म्हणाल्या, "वर्गनियंत्रण उत्तम आहे तुमचं."

त्या दिवशी रितानं मला पुसलं नाही. तसंच गुंडाळलं. गुड्डी घरी निघून गेली होती, आणि मग शाळेत आलीच नाही. काही दिवसांनी रिता मला घेऊन गुड्डीच्या गावच्या मोहाच्या झाडाखाली गेली. गुड्डी आईबरोबर मोहफुलं वेचत होती.

"शाळेत काहून येत नाहीस, गुड्डी?"

"बाहेरच बसा लागते न मॅडम. बाहेर तं इथंही आहे."

रितानं मला फांदीला टांगून उलगडलं. शब्द तसाच होता. गुड्डीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, मी शपथेवर सांगतो, हलले! मग तिनं मान खाली घातली.

"मले नाही येत," ती म्हणाली आणि टोपली उचलून पलीकडे गेली. रिता तिथेच बसून रडली. मी फांदीवर लोंबत राहिलो. एक कापड दुसरं काय करणार?

रितानं मला तसंच गुंडाळून विभागात परत ठेवलं. तिला पदवी मिळाली. आता ती लांबच्या एका शाळेत शिकवते. ती गेली त्याच वर्षी विभागात स्मार्ट बोर्ड आला आणि मी कपाटामागे गेलो. कापडाला भेगा पडल्या. कोळ्यांनी घर केलं. पण आतला शब्द कुणी पुसलेला नाही. माझं कामच पुसलं जाण्याचं, आणि मीच तो धरून बसलोय.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शिक्षक होईल, कुणी मुख्याध्यापक. भंगारात टाकण्याआधी कुणी मला उलगडलंच, तर लगेच डस्टर उचलू नका. आधी उठून वर्गाची खिडकी उघडा. बाहेर कुणी बसलं असेल तर तिला आत बोलवा. तो शब्द तिला वाचू द्या, आणि मग खुशाल मला पुसा.