पालथं चाडं

तीन भोकं. मधलं जरा वाकडं... विचारायचं नाही, सांगायचं नाही, घरातली वस्तू उचलून पिशवीत घालायची आणि थेट सांगलीला, चित्रकलेच्या कॉलेजात न्यायची, ही कुठली रीत म्हणायची? शेजारणीकडून विरजण आणायचं झालं तरी माणूस दारात उभं राहून हाक मारतं. आणि ही प्रांजल, इंद्रजितची पोर, जिला रंगुबाईनं मांडीवर पालथी टाकून न्हाऊ घातलं, ती दोन महिने फोनवर ऐकत होती — पेरणीचं चाडं घावंना गं, भिंतीला रंग देताना तुझ्या बापानं कुठं टाकलं कुणास ठाऊक, माळा हुडकला, गोठा हुडकला — आणि म्हणत होती, "असेल गं आज्जी कुठंतरी."

कुठंतरी म्हणजे इथं. साताऱ्यातल्या या प्रदर्शनाच्या गारढोण हॉलमध्ये, पांढऱ्या चौथऱ्यावर, छातीएवढ्या उभ्या बाभळीच्या सोटावर, पालथं.

मधलं भोक वाकडं नसतं तर कदाचित ओळखलंही नसतं. धुळा सुताराचा हात हलला होता, आणि नवं करून देतो म्हणाला तर रंगुबाईच म्हणाली होती, राहू दे, दाणा काय भोकाचा आकार बघून पडतो व्हय? आता वरून पॉलिश चढलेलं. लग्नातल्या नवऱ्यासारखं चकचकीत. आणि बाजूला पाटी. रंगुबाईची शाळा तिसरीत सुटलेली. तिनं एकेक अक्षर बोटानं हवेत धरत पाटी वाचली. प्रांजल इंद्रजित... पुढं आडनाव... आणि त्याखाली बारीक अक्षरांत: बाभूळ, सापडलेलं लाकूड.

सापडलेलं.

मग मी काय हुडकत होते दोन महिने?

"आज्जी, ही लाल टिकली बघितलीस का?" प्रांजल कानाशी येऊन कुजबुजली. तिचा चेहरा नुसता फुललेला. "म्हणजे हे गेलं. पुण्याच्या एका बाईंनी घेतलं. उद्या नेणारेत. माझं एकटीचंच गेलंय अजून!"

टिकली. कपाळावरची पुसली तेव्हा पुसली, आता लाकडाला लावतात. रंगुबाईनं पदर खांद्यावरून पुढं ओढला, तोवर कुणीतरी हाक मारली आणि पोरगी पळाली... फलटणकडचा तो जयराज, तिच्याच वर्गातला. त्याच्या चित्रासमोर मघाशी रंगुबाई थांबली होती. वितभर मातकट पट्टा, हातभर काळा, मग नुसताच कोरा कपडा. "सारवायला घेतलं आणि मधेच पावणं आलं व्हय रं?" असं तिनं विचारलं, तर बेणं रागावलं नाही, हसलं, आणि ते वाक्य मोबाईलमध्ये लिहून घेतलं. यांना शिवी दिली तरी पाटीवर लावतील.

बसायला कुठं जागा नाही. एवढ्या मोठ्या हॉलात एक बाकडं नाही. म्हणजे बघा आणि चालू लागा. माण तालुक्यातून दोन एसट्या बदलून आलेल्या गुडघ्यांनी उभं राहायचं आणि आपलीच वस्तू लांबून बघायची. हात लावू नये, अशीही एक पाटी होतीच.

हात लावू नये! या चाड्यात तिचा हात सव्वीस पेरण्या होता. पुढं तिचा नवरा नानासो बैल हाकत, मागं ती. तिफणीवर बसवलेल्या या वाडग्यात उजवी मूठ धरायची आणि बोटांतून शाळूचे दाणे असे सोडायचे की तिन्ही भोकांतून तिन्ही नळ्यांत सारखे उतरावेत, ना दाट, ना विरळ... पाय ढेकळांत, नजर पुढच्या बैलाच्या शेपटावर, आणि मूठ मात्र आपली आपण चाललेली, जशी काही ती वेगळीच बाई आहे. अख्खी वस्ती म्हणायची, पहिली मूठ रंगूची घ्या. नानासो म्हणाला नाही. बैलांशी जेवढं बोलला तेवढं तो माझ्याशी बोलला नाही. एकदा मात्र कोंब वर आल्यावर तो बांधावर उकिडवा बसला, एक डोळा मिटून त्यानं तासाची ओळ लांबवर बघितली आणि म्हणाला, "सरळ हाय." बस्स. तेवढ्यावर किती वर्षं काढली...

आणि ती शेवटची पेरणी. शेवटची आहे हे कुणी सांगितलं होतं? घरातली रीत अशी की शेवटचं तास पेरून झालं की जिची मूठ तिनंच चाडं बांधावर पालथं घालायचं, हळदकुंकू वाहायचं. म्हणजे पेरणी संपली. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी अर्धं रान झालं होतं. नानासो बैलांचा कासरा सोडून खाली बसला, छातीवर हात... उरलेलं रान दहाव्यानंतर इंद्रजितनं ट्रॅक्टरनं पेरून घेतलं, बैलं विकली. चाडं रंगुबाईनं खुंटीला अडकवलं. सरळ. चौदा वर्षं सरळ.

तिनं इकडंतिकडं बघितलं. राखणीचा माणूस दाराशी मोबाईलवर. ती पुढं झाली आणि सोट नि चाडं यांच्यामध्ये सोडलेल्या फटीतून तिनं उजवा हात आत घातला.

आत पॉलिश नव्हतं.

आत खरखरीत होतं, आणि कडेला, जिथं सव्वीस पेरण्या अंगठ्याचं मूळ घासलं होतं, तिथं तो खोलगट गुळगुळीत डाग तसाच... अंगठा आपोआप जाऊन बसला. मूठ वळली. दाणा नव्हता, तरी बोटं सुटू लागली.

"आज्जी!"

प्रांजल समोर उभी. आधी घाबरलेली, मग तिला रंगुबाईचा हात कुठं आहे ते कळलं, आणि तिनं मान खाली घातली.

"आतून मी काही केलं नाही," ती म्हणाली. "काचकागद घेऊन बसले होते घासायला. तुझा अंगठा लागला तिथं. नाही घासवलं."

म्हणजे कळलं होतं हिला. कोणाचं आहे ते कळलं होतं, आणि तरीही पाटीवर सापडलेलं. मघापासून मनात घासून धार लावलेली सगळी बोलणी रंगुबाईच्या तोंडाशी आली, आणि त्यांतलं एकही नेमकं या पोरीला लागेना. चोरटी म्हणावं, तर चोर आतला अंगठा राखत नाही. शहाणी म्हणावं, तर... राग होता, होताच, पण त्याला बसायला या हॉलात जागा नव्हती. हात मात्र बाहेर निघत नव्हता. काढावासा वाटत नव्हता.

"रागावलीस?" प्रांजलनं विचारलं. "बाईंना नाही म्हणून सांगू का?"

त्या पुण्याच्या बाईचं रंगुबाईला काही पडलं नव्हतं.

"पालथं घालायचं काम माझं हाय, प्रांजल," ती म्हणाली, सगळा हॉल वळून बघेल एवढ्या आवाजात. "माझं अर्धं रान ऱ्हायलंय. मी अजून घातल्यालं न्हाई."