गार होताना माझं बूच काढू नका

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका गॅरेजातला म्हातारा काचेचा बुधला. एकोणीस वर्षं माझ्या पोटात मार्लिसबाईंची घरची बिअर आंबली. कौतुक त्यांचं व्हायचं, फुगायचो मी.

गेल्या हिवाळ्यात तापानंतर मार्लिसचं नाक गेलं. कॉफीचा नाही, कांद्याचा नाही, कशाचाच वास येईना.

"आताची ही बिअर बिघडली तर पुन्हा करायची नाही," ती नवऱ्याला, व्हर्लिनला म्हणाली.

"अगं, हात शाबूत आहेत ना तुझे?"

"हातांनी चव घेऊ होय?"

तिने सगळं नीट केलं. आंबताना निघणारा वायू बुचातल्या नळीने एका पिशवीत साठवला. गार झाली की बिअर आकसते आणि मी श्वास आत ओढतो. तेव्हा पिशवीतला वायू आत यावा, बाहेरची हवा नको. हवा लागली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबातल्या नवशिक्यांना हे तिनेच शिकवलेलं.

मला फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या सकाळी तिने बूच काढलं आणि माझ्या तोंडाशी नाक आणलं. वास येतो का, एवढंच तिला बघायचं होतं. आला नाही. मग रोज सकाळी तेच. पिशवी फुगलेलीच राहिली आणि मी हवा पीत गेलो. नको गं बाई, असं मी आतल्या आत ओरडत होतो. मला गळा आहे, आवाज नाही. व्हर्लिन दारातून बघायचा आणि गुपचूप परत जायचा. तिची आशा मोडणं त्याच्या जिवावर आलं होतं.

शनिवारी बाटल्या भरण्याआधी तिने त्याला पेला दिला.

"झकास," घोट कसाबसा गिळून तो म्हणाला.

मार्लिसने पेला खिडकीशी धरला. सोनेरी बिअर मळकट तपकिरी झाली होती.

"नाक गेलंय माझं, डोळे नाहीत गेले. खरं सांग."

"पुठ्ठा," तो हळूच म्हणाला.

तिने मला मोरीत रिकामं केलं, घासून लख्ख धुतलं आणि 'फुकट न्या' असा कागद चिकटवून रस्त्याच्या कडेला ठेवलं. काल मला इथे ठेवताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

मित्रांनो, मला नेलंत तर गार होताना माझं बूच काढू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी वेड्या आशेने ते काढताना दिसलं, तर दारातून परत फिरू नका. आत या आणि त्या माणसाचा हात धरा.