दार अडलं ते माझ्यामुळे

मी ब्रॅकेट आहे, ॲल्युमिनियमचा. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या एका लहानशा बेटावर, मासेमारीच्या एका जुन्या फायबरच्या होडीला मागून आठ बोल्टांनी मला जखडलंय. होडीबाहेर टांगायची मोटार माझ्यावर बसते. एवढंच माझं काम. पण ते सुरू होण्याआधी मी पाच आठवडे एका शेडमध्ये कोंडून पडलो होतो, ते सांगतो.

होडी आयलिफची. साठी उलटलेला कोळी, बोलायला कंजूस. होडीतलं जुनं इंजिन कायमचं बंद पडलं, तेव्हा ते काढून त्याने बाहेर मोटार लावायचं ठरवलं. घाई होती. शनिवार-रविवारची फेरीबोट बंद झाली होती, आणि त्याची बायको रागना बाकीचे दिवस मासळीच्या कारखान्यात कामाला. तिची थोरली बहीण आसलाउग पाण्यापलीकडच्या गावात वृद्धाश्रमात होती. तिला हळूहळू सगळ्याचा विसर पडत चालला होता. फेब्रुवारी संपला की दर रविवारी नेतो, असं आयलिफने रागनाला सांगितलं होतं.

त्याने काम मन लावून केलं. होडीची मागची फळी आतून भिजल्या पावासारखी झाली होती. ती खरवडून नवी घातली. आधी माझा पुठ्ठ्याचा नमुना केला, मोटार इतकी मागे गेली तर किती वर हवी याची मापं तीनतीनदा घेतली. मग तूरिड नावाच्या वेल्डरबाईने पत्रे जोडून मला घडवलं. माझं पोट पोकळ आणि हवाबंद. तिने सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. एकही आला नाही. आयलिफने सीलंटचा चिकट लेप फासून मला होडीला आवळलं. ते वाळलं की फळी फाटेल, पण मी सुटणार नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने होडी गाड्यावर घेतली, ढकलली आणि थांबला. शेडचं दार बाजूच्या भिंतीला. होडी आत आली होती ती तिरकी घालून, वळवून. आता मागे पाऊण मीटर मी वाढलो होतो. नाक दाराकडे वळवलं की मी भिंतीला घासायचो, मला भिंतीपासून दूर सरकवावं तर नाक दाराच्या खांबाला अडायचं. त्याने दहा-बारा वेळा तरी करून पाहिलं. मग माझ्यावरच टेकून बसला.

दारालगतचा खांब कापला असता तर वाट झाली असती. पण ती शेड त्याच्या वडिलांनी समुद्राने आणून टाकलेल्या ओंडक्यांतून उभी केलेली. आणि त्याहून अवघड होतं घरी जाऊन सांगणं. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाने दारच मोजलं नव्हतं.

पहिल्या रविवारी त्याने सांगितलं, मोटारीचा एक भाग यायचाय. दुसऱ्या रविवारी सांगितलं, रंग वाळत नाहीये. रोज सकाळी यायचा, दार आतून लावायचा आणि माझे बोल्ट पुसत बसायचा.

एका दुपारी तो दुकानात गेला असताना रागना कारखान्यातून लवकर सुटून आली. कॉफीचा थर्मास खाली ठेवला, होडीच्या नाकापासून माझ्यापर्यंत पावलं मोजली, मग दार मोजलं. आणि थर्मास उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आयलिफ नेहमीसारखाच आला, त्यावरून कळलं, ती काही बोलली नव्हती. आता दोघांनाही ठाऊक होतं, आणि मध्ये मी मुका. आणखी दोन रविवार तसेच गेले.

पाचव्या रविवारी सकाळी रागना शेडमध्ये आली. वृद्धाश्रमातून फोन आला होता. आसलाउग जेवत नव्हती.

"रागना, ही होडी निघत नाही," आयलिफ म्हणाला. "दारात अडते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तीन आठवडे होत आले. म्हटलं, तू आपणहून सांगशील. नाही सांगितलंस, तर मीही हट्टाला पेटले." ती माझ्यावर टेकली. "मी तरी कुठे बोलले."

आयलिफने तुळईला टेकू दिला, रागनाने तो धरला, आणि त्याने करवत चालवून वडिलांचा खांब कापला. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने मोटार उचलून माझ्यावर बसवली. दुपारी मी पहिल्यांदा समुद्रात उतरलो.

पलीकडच्या धक्क्याला आम्ही बांधलेले राहिलो. रागना एकटीच वृद्धाश्रमात जाऊन तासाभराने परत आली. काय झालं, आयलिफने विचारलं.

"माझ्या हातून चार घास खाल्ले. मग म्हणाली, बाई, तुमचा आवाज ओळखीचा वाटतो."

दोरी सोडता सोडता त्याचा हात थांबला. "महिन्याभरापूर्वी आलो असतो तर..."

"कोणाला ठाऊक," ती म्हणाली. "दोरी सोड."

याला आता दोन वर्षं झाली. खाऱ्या पाण्याने माझ्या कडा पांढऱ्या पडल्यात. मी या होडीपासून सुटणार नाही, हे मला कळून चुकलंय. माझी घडणच तशी. तुमची तशी नाही. म्हणून एवढंच मागतो: काही अडलं, तर अडलं त्याच दिवशी घरात सांगा.

निघतो आता. रविवार आहे, रागना बहिणीसाठी गोड वॉफलचा डबा घेऊन धक्का उतरतेय. आज आसलाउगला ती कोण वाटेल, सांगता येत नाही.