एक हजार एकशे अठरा

चंद्रभानने कार्ड उलटलं, वाचलं आणि डावीकडच्या खोक्यात टाकलं. 'कुत्र्याच्या मौतीनं मरू द्या त्याला' एवढी एकच ओळ होती, सही मात्र झोकदार. पुढचं कार्ड पाचपावलीच्या कुणा निवृत्त हेडमास्तरांचं. त्यांनी अक्षर बारीक करकरून कायदा, धर्म, समाज सगळं त्यात कोंबलं होतं. मत शेवटी तेच. तेही डावीकडे गेलं. डावीकडे आता तिसरं खोकं लागलं होतं, खालच्या कापडवाल्याकडून मागून आणलेलं. उजवीकडे बुटांचं एकच खोकं, आणि तेही अर्धं रिकामं.

"किती झाले, चंद्रभान?" संपादक दत्तोपंतांनी आपल्या टेबलावरूनच विचारलं.

"नको म्हणणारे सातशे नव्वद, जी. सोडा म्हणणारे एकेचाळीस."

"वा. लोक जागे आहेत म्हणायचे."

पंतांना मताशी फारसं देणंघेणं नव्हतं, कार्डं येतात याचाच आनंद होता. गांधीबागेतल्या माडीवरच्या त्या छोट्या दैनिकाला एवढं टपाल ऐंशीच्या निवडणुकीतही आलं नव्हतं. सोमवारी त्यांनी पहिल्या पानावर चौकट टाकली होती. जन्मठेपेचा कैदी गोविंदा याला घशाचा कॅन्सर झाला आहे, डॉक्टर दोन-तीन महिने म्हणतात, आईने सुटकेचा अर्ज केला आहे, आणि मंत्री म्हणतात लोकभावना पाहून ठरवू. तर सोडावे की सोडू नये, वाचकांनी शनिवारी पाचपर्यंत पोस्टकार्डावर कळवावे. रविवारी आकडे छापू.

गोविंदा कोण, हे वाचकांना सांगावं लागत नव्हतं. सात वर्षांपूर्वी एका तहसील कचेरीत बाकाखाली ठेवलेली पिशवी फुटली होती. ज्या साहेबासाठी ठेवली तो त्या दिवशी रजेवर होता. सातबाऱ्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं आणि कचेरीतले दोघं असे आठ जण गेले. पिशवी ठेवणारा हात गोविंदाचा होता आणि कोर्टात त्याने ते नाकारलंही नाही. पेपरवाले त्याला अतिरेकी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

चंद्रभानला हे इतर कुणाहूनही जास्त ठाऊक होतं, कारण गोविंदा त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आडनाव वेगळं, म्हणून कचेरीत कुणाला पत्ता नव्हता. मौद्याजवळच्या खेड्यातून त्याला कॉलेजसाठी नागपुरात आणलं ते चंद्रभाननेच. महाल भागातल्या त्याच्या खोलीवर पोरगं तीन वर्षं राहिलं. त्याचे दोस्त यायचे, जमिनीवरून, गरिबांवरून तावातावाने बोलायचे, आणि चंद्रभान त्यांना चहा करून द्यायचा. भाचा चार हुशार पोरांत बसतो, याचा केवढा अभिमान वाटायचा तेव्हा. आता तो चहा आठवला की त्याला स्वतःचीच चीड येई. बहिणीने, जिजाबाईने, त्यावरून एका शब्दाने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून पोराला निदान मरायला तरी घरी न्यायचं, असं त्याने मनाशी घेतलं होतं. दसऱ्याला गावी गेला तो अर्जाचा कागद घेऊनच. "बाई, मी आणतो त्याले घरी. तू फक्त अंगठा दे," म्हणाला. गावात सगळ्यांना वाटे, चंद्रभान पेपरात मोठा साहेब आहे. तो तिथे पाकिटं फोडायला बसतो हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. जिजाबाई चुलीपुढून उठली, लुगड्याला हात पुसला आणि अंगठा दिला. ती तशीही कमी बोलणारी बाई.

आणि आता सगळं येऊन या खोक्यांवर ठेपलं होतं. मंगळवारच्या टपालात पावणेदोनशे कार्डांत सोडा म्हणणारी चारच निघाली, तेव्हा त्याचा धीर सुटला. दुपारच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तो इतवारीच्या पोस्टात गेला आणि कोरी कार्डं घेऊन आडोशाच्या बाकावर बसला. एक उजव्या हाताने लिहिलं, एक डाव्या हाताने. एक धंतोलीच्या कुणा प्रेमिलाबाईंचं, एक जरीपटक्याच्या ताराचंदचं. माणुसकी म्हणून सोडावे. मरणाऱ्याशी वैर कसले, सोडावे. शिक्के वेगळे पडावेत म्हणून वेगवेगळ्या पेट्यांत टाकली. तीस वर्षांत त्याने कुणाची चिठ्ठी इकडची तिकडे केली नव्हती, आणि आता रोज स्वतःचीच कार्डं स्वतःच्या हाताने उघडून उजवीकडे टाकत होता.

गुरुवारी दुपारी एक बाई जिना चढून आली. चाळिशीची असेल. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. टेबलापाशी येऊन तिने खोक्यांकडे पाहिलं.

"मत द्याचं होतं. इथंच घेता काय?"

"लिहून आणलं का, ताई?"

"मले कुठं लिहिता येते? तुमीच लिहा, भाऊ."

तिचं नाव यमुताई. तिचा नवरा नानाजी त्या तहसील कचेरीत चपराशी होता, आठांतला एक. हे तिने गल्लीचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. चंद्रभानने खिशात हात घातला आणि कोरं कार्ड काढलं. ते त्याने दुसऱ्याच कामासाठी विकत घेतलं होतं.

"लिहा. मले ओळख पटवाले बोलावलं होतं. तोंडावरची चादर उचलू नाही देल्ली. शिपाई म्हणे, हात पाहून सांगा. मी हात पाहून सांगितलं. लिहिलं?"

"लिहिलं."

"आता हा सुटन, त्याच्या मायले त्याचं तोंड पाहाले भेटन. पाणी पाजाले भेटन. मले नाही भेटलं. म्हणून सोडू नका." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "त्याच्या मायवर माहा राग नाही. हेबी लिहा."

चंद्रभानने तेही लिहिलं.

"वाचून दाखवा बरं."

त्याने वाचलं. यमुताई मान हलवत ऐकत होती. अंगठा उमटवून झाल्यावर तिने शाई पिशवीच्या कोपऱ्याला पुसली.

"तुमच्या घरचं गेलं काय कोनी असं?"

"नाही," चंद्रभान म्हणाला.

"बरं आहे," ती म्हणाली आणि एकेक पायरी पाहत जिना उतरून गेली.

बाईचं सगळं खरं होतं, हीच मोठी पंचाईत. हेडमास्तरांचं कार्ड फेकावं तसं ते त्याला फेकता येईना. त्याने ते डावीकडच्या खोक्यात उभं, बाजूला लावून ठेवलं. संध्याकाळी घरी जाताना मात्र खिशातली उरलेली दोन कार्डं लिहून पेटीत टाकलीच. लाज वाटली, तरी टाकली. डोळ्यांपुढे दवाखान्याच्या वॉर्डातलं पोरगं येत होतं. मागच्या भेटीत त्याच्याने बोलवेना. मामाचा हात धरून त्याने नुसता दाराकडे इशारा केला होता.

शनिवारी दुपारपर्यंत उजवीकडे एकाहत्तर झाली. त्यातली अडतीस चंद्रभानची.

तीनला शेवटचं टपाल आलं. वर मौद्याचा शिक्का असलेलं एक कार्ड होतं, शाळामास्तरी गोल अक्षरातलं, पत्त्याची अर्धी बाजूही भरलेली. त्याने सवयीने आधी मत शोधलं. सोडू नका. डावीकडे टाकायला हात गेला आणि खालचं नाव दिसलं.

'मा. संपादक साहेबांस नमस्कार. मी गोविंदाची माय, जिजाबाई. गुरुजी लिहून राहिले, मी सांगून राहिली. माह्या पोराले सोडू नका. त्याले नळीनं पाजा लागते म्हणतात. ते मले जमन नाही, तिथं डॉक्टर आहे. इथं आमच्या घरी कोनी येत नाही. मागच्या साली याचा बाप मेला तर खांदा द्याले माणसं नाही भेटली. मी अन् जावयानं बैलबंडीवर नेला. बापाचं तसं झालं, पोराचं तर कोनी बंडीबी देणार नाही. तिथं मेला तर सरकार नेईन. माहा भाऊ तुमच्या पेपरात साहेब आहे. तो घरी आणतो म्हणते. त्यानं आमच्यासाठी लय केलं, त्याले नाही म्हणवत नाही. म्हणून हे कार्ड त्याले दाखवू नका. फक्त मोजा.'

चंद्रभानने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मागच्या साली रामाजी, त्याचा मेहुणा, गेला तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोहोचला होता. आजार काय होता ते विचारलं, दवाखान्यात काहून नाही नेलं म्हणून जावयावर चिडला, जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आला. मातीला कोण कोण होतं, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. दसऱ्यालाही सुचलं नाही. ओसरीत बसून तो एकटाच बोलत होता, आणि समोर बाई अंगठ्याची शाई पुसत होती.

त्याने मान वर केली. पंत पलीकडे अग्रलेख खरडत होते. हे कार्ड त्यांना दिसलं असतं तर त्यांनी खुर्चीच सोडली असती. उद्या पहिल्या पानावर आठ कॉलमांत गेलं असतं, आईच म्हणते सोडू नका. मंगळवारपर्यंत तिच्या ओसरीत फोटोग्राफर बसले असते आणि वॉर्डातल्या पोरालाही कुणीतरी वाचून दाखवलं असतं. चंद्रभानने कार्ड दुमडलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

मग उजवीकडचं खोकं पुढ्यात ओढलं. आपली कार्डं ओळखायला त्याला वाचावी लागत नव्हती. प्रेमिलाबाई काढल्या, ताराचंद काढला. डाव्या हाताची काढली, उजव्या हाताची काढली. अडतीस झाली तेव्हा त्यांना सुतळी बांधून रद्दीच्या पोत्यात तळाशी घातली. उरलेली हळूहळू मोजली. पाठीत कळ आली होती, तरी उठला नाही. डावीकडची मोजून झाल्यावर चिठ्ठीवर दोन आकडे लिहिले आणि मुद्रितं तपासणाऱ्या नीलाच्या टेबलावर नेऊन ठेवले.

नीला कामात कडक होती. आकडा छापायचा म्हणजे तो तिने स्वतः मोजलेला हवा. तिने खोकी आपल्याकडे ओढून घेतली. पावणेपाचला तिने पेन्सिल खाली ठेवली.

"चंद्रभानजी, सोडावे तेहतीसच? दुपारी तर तुम्ही सत्तरच्या वर सांगत होते."

"चुकीचे धरले होते, बाई."

पंतांनी चष्म्यावरून पाहिलं. "अडतीसाची चूक?"

"हो जी. माह्याच हातून झाली."

"आणि हे," नीला म्हणाली, "सोडू नये, तुम्ही लिहिलंय एक हजार एकशे अठरा. मी दोनदा मोजले. सतराच भरतात."

"अठरा आहेत."

"नाहीत हो. घ्या, तुम्हीच मोजा. एक कार्ड कमी आहे."

चंद्रभान उभाच राहिला. आतल्या खिशातलं कार्ड छातीला टोचत होतं. सतरा लिहिले तरी जगात कुणाचं काही बिघडणार नव्हतं. हजारांत एक इकडे काय नि तिकडे काय, पंतांनी तर तसा विचारही केला नसता. पण जिजाबाईने एवढंच मागितलं होतं. आजवर तिने त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवेना.

"एक माह्यं आहे," तो म्हणाला. "अठरावं माह्यं धरा."

"तुमचं?" नीलाने त्याच्याकडे पाहिलं. "मग कार्ड द्या. तोंडी कसं धरू? सगळ्यांचे कार्डावर आहेत."

"देतो."

त्याने आपल्या टेबलाशी जाऊन एक कोरं कार्ड घेतलं. पेन झटकलं. नोंदवहीत तीस वर्षं लिहीत आला त्या आपल्या रोजच्या अक्षरात, उजव्या हाताने, त्याने लिहिलं : गोविंदाला सोडू नये. खाली बापाच्या नावासकट आपलं पूर्ण नाव घातलं आणि महालातल्या खोलीचा पत्ता घातला. पत्ता लिहिताना पेन क्षणभर अडलं. सात वर्षांपूर्वी कोर्टाच्या कागदांत गोविंदाचा पत्ता म्हणूनही तोच लिहिलेला होता.

नीलाने कार्ड हातात घेतलं, वाचलं आणि डावीकडच्या खोक्यात टाकलं.

"शाबास," पंत म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. "सामान्य माणसाने असंच स्पष्ट बोललं पाहिजे. नीलाताई, ह्यांचं कार्ड उद्याच्या चौकटीत घ्या. नावानिशी."

चंद्रभान काहीतरी बोलायला गेला. पण भिंतीवरच्या घड्याळात पाचाला अजून चार मिनिटं होती आणि कार्ड मुदतीत आलेलं होतं.

"हो जी," तो म्हणाला.