बेकरीच्या गच्चीवरून

टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी वस्तीत थोरलीला सगळे एक्स्चेंजबाईच म्हणत. उमेदीचा सगळा काळ तिने कानाला हेडफोन लावून लोकांच्या लाइन जोडून देण्यात घालवला होता. घरात मात्र ती थोरली, आणि तिची जाऊ ती धाकटी. धाकटी वस्तीच्या दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर शहरात बसत आणि आठवड्यातून एकदा येत. एरवी दवाखाना म्हणजे धाकटी आणि तिचा फोन.

मग एका सकाळी दरड कोसळली. माणसं वाचली, पण रस्ता, मोबाइलचा टॉवर आणि केबलचे खांब दरीत गेले. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. रस्ता झाल्याशिवाय टॉवर नाही, म्हणाला, आणि रस्ता कधी होईल ते मला विचारू नका.

तेव्हापासून डॉक्टरांना काही विचारायचं झालं की धाकटी डोंगराच्या माथ्यावर चढायची. तिथे पलीकडच्या शहराची रेंज यायची. एकदा ती घामाघूम होऊन थोरलीच्या स्वयंपाकघरात आली आणि जमिनीवरच बसली.

"ताई, पोराला ताप म्हणून विचारायला गेले. डॉक्टर म्हणतात, पुरळ छातीवर आहे का पाठीवर? मी काय सांगणार? पोरगं खाली, मी वर. परत खाली आले, पाठ बघितली, परत वर गेले. आता हे पाय माझे आहेत असं वाटतच नाही."

थोरलीने तिच्यापुढे चहा ठेवला.  पुढच्याच आठवड्यात ती पायवाटेने शहरात बहिणीकडे गेली आणि रोज तिथल्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरपुढे बसू लागली. तिला हवं ते सापडलं. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं एक सॉफ्टवेअर होतं. कोणीही फुकट घ्यावं, आतलं सगळं उघडून बघावं, हवं तर बदलावं. साध्या वाय-फायच्या डब्यांत ते भरलं की डबे आपापसांत बोलू लागत. एकाचा निरोप शेजारचा पुढच्याला देई. ना टॉवर, ना कंपनी, ना मध्ये बसलेली कुणी ऑपरेटर. हे शेवटचं वाचून थोरली एकटीच हसली.

परत आल्यावर तिने घरोघरी फिरून केबल कंपनीचे जुने वाय-फायचे डबे गोळा केले. एका घरी डबा खिडकीला टेकू म्हणून होता, एका घरी फ्रिजच्या पायाखाली. कुणी नाही म्हटलं नाही, उलट अडगळ गेली म्हणून खूश झाले.

नाही म्हणायला भाऊजी होते, म्हणजे धाकटीचा नवरा. त्यांचं मोबाइल रिचार्जचं दुकान टॉवरबरोबरच बसलं होतं, आणि आता ते तिथे टॉर्च आणि छत्र्या विकत.

"वहिनी, या धंद्यात माझे केस पांढरे झाले," ते म्हणाले. "भंगारातून नेटवर्क होत नसतं. आणि झालंच, तर मधला एक डबा बंद पडला की सगळं ठप्प."

"बघू की भाऊजी," थोरली म्हणाली. "ठप्प तर आत्ताही आहेच."

पहिला डबा तिच्या हातून मेला. सॉफ्टवेअर भरता भरता वीज गेली आणि त्याचा दिवा पुन्हा लागलाच नाही. दुसऱ्या डब्याच्या वेळी तिने बहिणीकडून आणलेला लॅपटॉपही बॅटरीवर घेतला आणि डबाही. हिरवा दिवा लागला तेव्हा तिने हाताने पदर पिळला होता हे तिला नंतर कळलं. मग तिसरा, चौथा. नवरा सुतार होता. त्याने प्रत्येक डब्याला पाऊस लागू नये म्हणून लाकडी घर करून दिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. खालच्या आळीतल्या घरांवर, दवाखान्यावर, शाळेवर डबे बसले. खालची आळी खालच्या आळीशी बोलू लागली.

पण वरची आळी दिसत नव्हती. डबे एकमेकांना दिसावे लागतात, आणि मध्ये टेकाड होतं. दोन्ही आळ्या आणि डोंगरमाथा, तिन्ही दिसतील अशी एकच जागा होती: बेकरीची गच्ची. आणि बेकरीवाला एक्स्चेंजबाईशी बोलत नसे. का, ते तिला ठाऊक नव्हतं. ती शिडी घेऊन गेली तेव्हा कळलं.

"तुम्ही माझा फोन कापला होतात," भट्टीकडे बघतच तो म्हणाला. "मी हिला लग्नाचं विचारत होतो. ही उत्तर द्यायला लागली आणि तुम्ही मध्ये आलात. वेळ संपली म्हणालात."

"नियम होता तसा," थोरली म्हणाली. "पण लग्न तर झालं ना?"

"झालं. पण हो म्हणाली का नाही, हे कळायला पत्र यावं लागलं. तोवर मी पाव जाळत होतो."

आतून त्याची बायको हात पुसत आली. "मी नाहीच म्हणत होते तेव्हा," ती म्हणाली. "फोन कापला म्हणून विचार करायला सवड मिळाली. बाई, तुम्ही चढा वर. वरचा कठडा सैल आहे, सांभाळून."

बेकरीवाला आ वासून बायकोकडे बघत राहिला. मग गुपचूप जाऊन त्याने शिडीचं खालचं टोक धरलं.

गच्चीवर डबा लागला. माथ्यावर सोलर पॅनेल, बॅटरी आणि सिमकार्डवाला डबा धाकटी आणि थोरलीने पाठीवर वाहून नेला. तिथून शहराची रेंज वस्तीत उतरायची होती. ती उतरलीही, आणि लगेच तुटली. जोडलं की तुटे, जोडलं की तुटे. खालच्या डब्यांचं सगळं सुरळीत, फक्त माथा आणि बेकरी यांचं जमेना.

भाऊजी दुकानाच्या दारात उभे राहून विकायचा टॉर्च लावत-विझवत राहिले, ते थोरलीला झोंबलं.

ती माथ्यावर गेली आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर तिने आपली अडचण मांडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांनी उत्तरं लिहिली होती. एकाने एवढंच विचारलं होतं, डब्याला अंतर सांगितलंत का? डबा घरातल्या घरात बोलायला बनवलेला असतो, लांबून पोच यायला उशीर झाला की तो समजतो, पलीकडे कोणी नाही.

थोरलीने कपाळावर हात मारला. समोरच्याला बोलायला वेळच दिला जात नव्हता. सेटिंगमध्ये अंतराचा रकाना होता. तिने माथ्यापासून बेकरीपर्यंतचं अंतर त्यात भरलं, खाली येऊन बेकरीच्या डब्यातही तेच भरलं. दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला.

त्याच आठवड्यात गवंडीकाम करणाऱ्या एकाच्या डोळ्यात चुना उडाला. धाकटीने डोळा पाण्याने धुवायला घेतला आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना व्हिडिओ लावला. डॉक्टर दिसले. त्यांना डोळा दिसला.

"पापणी उलटी करा. वर, अजून वर. तो कण दिसतोय का?"

नेमकं तेव्हाच शाळेत रंगाऱ्याने डब्याची पिन काढली आणि शाळेचा डबा विझला. निरोप दवाखान्यातून शाळेवरूनच बेकरीला जात होते. पडद्यावर डॉक्टरांचं तोंड अर्धं उघडं तसंच थिजलं. दारात भाऊजी उभे होते. त्यांनी डोळे मिटले.

"सांगितलं होतं," ते पुटपुटले.

धाकटीचा हात पापणीवरच होता. शेजारी उभ्या असलेल्या थोरलीने आपल्या फोनवर डब्यांच्या जोडण्या दाखवणारा वस्तीचा नकाशा उघडला. शाळेची रेघ पुसली गेली होती. मग दवाखान्यापासून एक नवी रेघ निघाली, खालच्या आळीतल्या दोन घरांवरून फिरून बेकरीला पोचली. कोणीही काही केलं नव्हतं. डब्यांनी आपली वाट आपणच शोधली होती.

"...आणि ओल्या कापसाने हलकेच टिपा," डॉक्टर म्हणाले. मध्ये लाइन तुटल्याचं त्यांना धड कळलंही नव्हतं. "छान. आता पुन्हा पाणी. डोळा वाचला हो."

गवंडी रडत होता. पाणी कोणतं आणि अश्रू कोणते ते सांगता येत नव्हतं. धाकटी मात्र उभ्या उभ्याच हसायला लागली आणि थोरलीच्या खांद्यावर तिने डोकं टेकलं. भाऊजी पुढे येऊन नकाशावरची नवी रेघ बोटाने गिरवून बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "दुकानाच्या छपरावर एक डबा लावता येईल? कोपऱ्याची जागा आहे. दोन्हीकडे नजर जाते."

"विचार करते," थोरली गंभीरपणे म्हणाली, आणि संध्याकाळच्या आत डबा लावून मोकळी झाली.

हिवाळा संपेपर्यंत वस्तीतलं एकही घर सुटलं नव्हतं. थोरलीने जोडणीच्या सगळ्या सूचना आपल्या भाषेत लिहून त्या लोकांना पाठवल्या. त्यांनी तपासून त्या सॉफ्टवेअरमध्येच घातल्या. खाली नाव काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं, तर तिने 'एक्स्चेंजबाई' असं कळवलं.

मग एक दिवस पलीकडच्या खाणीच्या वस्तीतून दोन माणसं आली. त्यांचाही टॉवर गेला होता. भाऊजींच्या दुकानाशी थांबून त्यांनी विचारलं, इथे नेटवर्क करणारे इंजिनियर साहेब कुठे भेटतील?

"साहेब नाहीत," भाऊजी म्हणाले. त्यांनी दोघांना स्टुलं दिली आणि समोरच्या छपराकडे बोट दाखवलं. "आमच्या थोरल्या वहिनी आहेत. शिडीवरून उतरल्या की बोलतील. आणि खालून हाक मारू नका, हातात स्क्रू आहेत त्यांच्या."