मागचा डावा स्पीकर

मी मागचा डावा स्पीकर बोलतोय. आम्ही पाच जण एकाच खोक्यातून आलो. समोरचे तिघे संवाद आणि गाणी सांभाळतात; मागच्या दोघांच्या वाट्याला वारा, पावलं, लांबून जाणारी आगगाडी.

आम्हाला घरी आणणारे सर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. बैठकीची खोली साधीच. त्यांनी मला कपाटावर, पडद्याआड बसवलं. माझा आवाज आधी पडद्यात अडकायचा, मग छतावर आपटायचा आणि उरलासुरला माणसांपर्यंत पोचायचा. सुट्टीवर आलेल्या मुलीने ते पाहून कपाळाला हात लावला. तिने मला कानाच्या उंचीवर आणलं, सरांची खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली, मोकळ्या भिंतीवर जाड सतरंजी टांगली. खोली घुमायची थांबली.

"आता कसं वाटतंय?"

"बाकी झकास. डावा मात्र मुकाच आहे," सर म्हणाले.

वायर बदलली. दुकानातही नेऊन आणलं; दुकानदार म्हणाला, ठणठणीत आहे. सरांना पटेना. मला परत करायचं ठरलं, खोकंही माळ्यावरून खाली आलं. तेव्हा सरांच्या पत्नी, आमच्या बाई, म्हणाल्या, "उठा जरा. मला बसू द्या तुमच्या जागेवर."

सिनेमात घोडे धावत होते. बाईंनी कान दिला. "येतायत की टापा. अगदी कानाशी."

सरांनी खुर्ची उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. आता मी त्यांच्या उजव्या हाताला आलो. टापा त्यांना स्पष्ट ऐकू आल्या. गप्प झाला तो माझा जोडीदार, मागचा उजवा.

"स्पीकर बिघडलेला नाही," ते म्हणाले.

"मला वाटलंच होतं," बाई हळूच म्हणाल्या. "हल्ली दोनदा हाक मारावी लागते."

डॉक्टरांनी डाव्या कानाची नस दुबळी झाल्याचं सांगितलं. कानात यंत्र घालायला सर तयार होईनात.

"म्हातारा दिसेन."

"आता दिसायचं काय राहिलंय?" बाईंनी विचारलं.

शेवटी यंत्र आलं. पहिल्याच संध्याकाळी सर कुरकुरले, "हा डावा फारच बडबडतो. कमी कर त्याला." मुलीने हसत मला कमी केलं.

तेव्हापासून मी हळूच वाजतो. तक्रार नाही. बाई सरांच्या डाव्या बाजूला बसतात. सिनेमा चालू असताना मधेच, मान न वळवता, काहीतरी पुटपुटतात. सर उत्तर देतात. तेवढा वेळ माझ्या वाट्याला काही वाजवायचं येऊ नये, एवढंच माझं मागणं.