चौऱ्याण्णव अंश

कोपरीतल्या मराठी शाळेत लागून संचिताला आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत नववी ब ने तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता. "टीचर, वहीत काय लिहायचं?"

भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेल्या पोरीला हा प्रश्न कानाशी गुणगुणणाऱ्या डासासारखा छळायचा. मुख्याध्यापिका सरोजबाईंना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या मागे लागून तिने शुक्रवारचा शेवटचा तास मिळवला होता. त्या तासाला पुस्तक उघडायचं नाही. बघायचं, मोजायचं, वाद घालायचा. मोठ्या बाईंनी तास दिला, पण अट घालून. "मी एकदा मागे येऊन बसणार. मुलांत फरक दिसला तर पुढच्या वर्षी पाचवीपासून सुरू करू. नाहीतर तो तास जादा गणिताला."

जानेवारीत तिने वर्गासमोर पाणी उकळलं. प्रयोगशाळेतला थर्मामीटर जुना होता. त्यातली आकड्यांची पट्टी वर सरकलेली, त्यामुळे पाणी खळखळून उकळत असलं तरी तो चौऱ्याण्णवच दाखवायचा. संचिताला हे ठाऊक होतं, म्हणूनच तिने तो घेतला. एकेचाळीस मुलांनी रांगेने येऊन, वाकून पाहिलं आणि जागेवर जाऊन एकेचाळीस वह्यांत शंभर लिहिलं.

"ऋतुराज, शंभर कुठे दिसलं तुला?"

"पुस्तकात, टीचर."

वर्ग खिदळला. संचिता नाही.

"आणि नळीत?"

"नळीत चौऱ्याण्णव होतं. पण ते राँग आहे ना."

"मग राँग आहे असं लिही! का राँग असेल ते शोध. दिसलं एक नि लिहिलं भलतंच, याला काय म्हणायचं रे?"

रागाच्या भरात तिने सगळ्यांना शंभर खोडायला लावलं आणि फळ्यावर हे मोठ्ठं चौऱ्याण्णव लिहिलं. मग सरकलेली पट्टी दाखवली, कारण समजावलं. घरी सांगितलं तेव्हा बाबा हसले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते तयार झालेले सुटे भाग मोजून तपासायचे. "आमच्याकडे न मोजता ड्रॉइंगमधला आकडा रिपोर्टात टाकला तर माणूस घरी जातो," ते म्हणाले. "तुमच्याकडे पास होतो."

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी मोठ्या बाई वही घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. संचिताने तोच प्रयोग पुन्हा मांडला होता. मुलं चौऱ्याण्णव सांगतील, मग ती विचारणार होती, हा थर्मामीटर बर्फात किती दाखवेल? तिथून खरा वाद सुरू झाला असता. शाळेतल्या शिपाई सखुमावशींनी चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, थर्मामीटर सगळं टेबलावर आणून ठेवलं. मुलं आली, वाकली, गेली. प्रीती नावाची मुलगी तेवढी जरा जास्त वेळ रेंगाळली.

"किती?"

"चौऱ्याण्णव!" एका सुरात.

ऋतुराज तर उठूनच उभा राहिला. "पट्टी सरकल्यामुळे थर्मामीटर सहा अंश कमी दाखवतो. जे दिसतं तेच लिहावं."

मोठ्या बाईंचं पेन भराभर चालू लागलं. संचिताला मनातून गुदगुल्या झाल्या. सहज म्हणून ती टेबलाशी वाकली.

नव्व्याण्णव. किंचित वरच.

काच लखलखीत होती, पट्टी जागच्या जागी. हा नवा थर्मामीटर होता, कपाटातल्या खोक्यातला. शाळेतली चांगली उपकरणं तपासणीच्या दिवशी बाहेर निघत, पुसली जात आणि परत खोक्यात जात. मोठ्या बाई येणार म्हटल्यावर सखुमावशींनी आपलं नेहमीचं काम चोख केलं होतं.

"परत एकदा बघून या," संचिता म्हणाली. आवाज तिचा तिलाच कोरडा वाटला.

पाच-सहा जण आले, वाकले. "चौऱ्याण्णवच आहे, टीचर." प्रीतीने नळीकडे पाहिलं, मग संचिताच्या तोंडाकडे, आणि ती गुपचूप जागेवर गेली.

घंटा झाली. मोठ्या बाई खुशीत होत्या. "छान तयारी करून घेतलीस गं. एकही मूल अडखळलं नाही! पुढच्या वर्षी पाचवीपासून पक्कं. या चौऱ्याण्णवच्या प्रयोगाचं टिपण लिहून सगळ्या शिक्षकांना दे. आणि माझ्या वहीत सही करून जा."

संचिताने प्रीतीला दारात गाठलं. "तुला किती दिसलं?"

"नव्व्याण्णव."

"मग बोलली का नाहीस?"

"मागच्या वेळी तुम्ही शंभर खोडायला लावलेलं ना. म्हटलं तुम्हाला चौऱ्याण्णवच पाहिजे. मोठ्या बाईंसमोर तुमचं वाईट दिसलं असतं."

पोरीवर चिडावं तर ती खरं बोलत होती. संचिता तरातरा ऑफिसात गेली. मोठ्या बाईंच्या वहीत 'शिक्षकाचा अभिप्राय' अशी ओळ होती, जिथे सगळे फक्त सही करत. तिने लिहिलं : 'पाण्याचं तापमान नव्व्याण्णव होतं. वर्गाने चौऱ्याण्णव सांगितलं. तो आकडा त्यांना फळ्यावर मीच लिहून दिला होता.'

मोठ्या बाईंनी दोनदा वाचलं. "हे कशाला? चांगलं झालं होतं की सगळं."

"झालं नव्हतं, बाई. फरक दिसला नाही. मुलांनी आधी पुस्तकाचं ऐकलं, आता माझं."

"अगं, तूच असं लिहून दिलंस तर मी काय करू? मग पुढच्या शुक्रवारपासून गणित."

संचिता ऑफिसातून बाहेर पडली. एक तास, आठवड्यातला एकच, तोही तिने स्वतःच्या हाताने घालवला होता.

बाहेर प्रीती वही उघडून उभी होती. चौऱ्याण्णव तिने खोडलं होतं. "टीचर, इथे आता काय लिहू?"

नव्व्याण्णव हा शब्द संचिताच्या ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला. "चल, परत पाणी ठेवू. दोन्ही थर्मामीटर एकदम बुडवू आणि बघू."

प्रीतीने गेटकडे पाहिलं. "रिक्षावाले काका थांबणार नाहीत. तुम्ही आकडा सांगा ना."

संचिताने सांगितला नाही. प्रीतीने वैतागून तिच्याकडे पाहिलं, वही मिटली आणि दप्तर सावरत पळाली. वहीतली ती जागा कोरीच राहिली.